घोडे नेमके कुठे पेंड खाते? विकसनशील देशाने व्यापारक्षमता कशी उभारावी

युरोपीय संघाने २००१ मध्ये जगातल्या अल्पविकसित देशांना एक मोठी सवलत दिली. शस्त्रास्त्रे सोडून कोणताही माल आणा, त्यावर आयात शुल्क नाही आणि कोट्याची मर्यादाही नाही. साखर, तांदूळ आणि केळी यांना थोडा जास्त अवधी लागला, पण शेवटी तीही खुली झाली. त्यानंतर दोन दशके उलटली. या देशांचा जगाच्या माल-निर्यातीतला एकत्रित वाटा अजून एक टक्क्याच्या आसपासच रेंगाळतो आहे. मात्र याच सवलतीच्या बळावर काही मोजक्या देशांनी लाखो लोकांना काम देणारे उद्योग उभे केले. शुल्क सगळ्यांनाच शून्य होते, तरी काहींचा माल पोहोचला आणि बाकीच्यांचा अडला.

तो कुठे अडला हे शोधायचे कसे आणि अडथळे कोणत्या क्रमाने काढायचे, याचा हा लेख आहे. वाणिज्य मंत्रालयात काम करणारे, निर्यातदारांच्या संघटना चालवणारे, विकास प्रकल्पांवर असणारे आणि या विषयाचे अभ्यासक यांच्यासाठी तो लिहिला आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. परिषदा, धोरणपत्रे आणि प्रशिक्षण शिबिरे यांतून व्यापारक्षमता फारशी येत नाही. एखादा ठरावीक माल एका ठरावीक बाजारात पोहोचवताना जे अडथळे दूर होतात, त्यातून ती येते. पहिल्या मालासाठी बसवलेली प्रयोगशाळा, सुधारलेली चौकी आणि तयार झालेली माणसे दुसऱ्या मालालाही उपयोगी पडतात.

पहिली पायरी: माल निवडा, ‘क्षेत्र’ नको

बहुतेक राष्ट्रीय निर्यात धोरणांत दहा-बारा प्राधान्य क्षेत्रे असतात. शेती, पर्यटन, माहिती तंत्रज्ञान, हस्तकला, चामडे, वस्त्रोद्योग… कोणत्याही खात्याला नाराज करायचे नसते, म्हणून ही यादी लांबत जाते. यादीत सगळेच आले की प्राधान्य कशालाच उरत नाही. सुरुवातीला दोन किंवा तीनच माल घ्या आणि तेही एचएस कोडच्या सहा अंकांपर्यंत नेमके ठरवा. जागतिक सीमाशुल्क संघटनेची ही वर्गीकरण पद्धत १९८८ पासून लागू आहे आणि तिचे पहिले सहा अंक जगभर सारखे असतात. नुसते ‘मासे’ म्हणून काम करता येत नाही. गोठवलेल्या माशाचे काटे काढलेले तुकडे असे म्हटले, की शुल्क किती, तपासण्या कोणत्या आणि प्रतिस्पर्धी कोण हे लगेच काढता येते.

निवडीसाठी दोन प्रश्न पुरतात. हा माल आपण आजही थोडाफार कुठेतरी विकतो का? आणि जगात त्याची मागणी वाढते आहे का? ज्याची एकही खेप आजवर बाहेर गेलेली नाही, तो माल सुरुवातीला टाळलेला बरा. आकडे संयुक्त राष्ट्रांच्या कॉमट्रेड या माहितीसाठ्यात आणि जिनिव्हाच्या इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅप या संकेतस्थळावर मिळतात. फक्त आपल्या देशाने नोंदवलेली निर्यात पाहून थांबू नका. समोरच्या देशाने आपल्याकडून आलेली आयात किती नोंदवली, हेही पाहा. या आरशातल्या आकड्यांत बऱ्याच गोष्टी दिसतात. आयातीच्या आकड्यात भाडे आणि विमा धरलेला असतो, त्यामुळे थोडा फरक पडणारच. पण तिकडचा आकडा इकडच्यापेक्षा कितीतरी मोठा असेल, तर बहुधा माल चोरट्या वाटेने शेजारच्या देशातून जातो आहे किंवा इकडे त्याची किंमत कमी दाखवली जाते आहे. इकडचा आकडा मोठा आणि तिकडचा लहान असेल, तर माल बहुधा एखाद्या मोठ्या बंदरावर उतरून पुढे तिसरीकडेच जात असतो. आपला खरा ग्राहक कोण, हे कित्येक देशांना असे उलट्या बाजूने समजते.

दुसरी पायरी: खेपेबरोबर चालत जा

ही पायरी सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा टाळली जाते. माल शेतातून किंवा कारखान्यातून निघाल्यापासून परदेशी खरेदीदाराच्या गोदामात पोहोचेपर्यंत प्रत्येक थांबा लिहून काढा. प्रत्येक थांब्यासमोर पाच गोष्टी लिहा: किती तास गेले, अधिकृत पैसे किती लागले, ‘वरचे’ पैसे किती लागले, कोणते कागद मागितले आणि सही कोणाची लागली. चौथ्या रकान्यात एकच माहिती चार कार्यालये चार वेगळ्या फॉर्मवर मागतात असे जवळपास नेहमी दिसते. पाचव्या रकान्यात बहुतेक वेळा एखादी अशी सही सापडते, जी न लागल्याने कोणाचेच काही बिघडणार नाही.

हा तक्ता कार्यालयात बसून भरू नका. ट्रकचालक, कस्टम्स एजंट, शीतगृहाचा व्यवस्थापक आणि बँकेत कागद हाताळणारा कारकून या चौघांशी बोला. शिवाय ज्यांनी निर्यात सोडून दिली, त्यांना आवर्जून शोधा. यशस्वी निर्यातदाराला अडथळ्यांची सवय झालेली असते, आणि कधी कधी तेच अडथळे त्याच्या स्पर्धकांना बाहेर ठेवत असतात. त्यामुळे तो सगळे खरे सांगेलच असे नाही. बाहेर पडलेला माणूस मोकळेपणाने बोलतो. विकसनशील देशांतून सुरू झालेले निर्यातीचे नवे व्यवहार मोठ्या संख्येने पहिल्या एक-दोन वर्षांतच बंद पडतात, म्हणजे अशी माणसे शोधायला फार लांब जावे लागत नाही.

आपला देश अल्पविकसित गटात असेल, तर कामाला लागण्यापूर्वी एक गोष्ट तपासा. ‘एन्हान्स्ड इंटिग्रेटेड फ्रेमवर्क’ या कार्यक्रमाखाली अशा बहुतेक देशांसाठी व्यापाराचा सविस्तर निदान अभ्यास झालेला आहे. तो कपाटातून काढून वाचा. त्यातल्या निम्म्या शिफारशी अजूनही लागू असतात, कारण त्यांना कोणी हात लावलेला नसतो.

तिसरी पायरी: आपणच घातलेले अडथळे आधी काढा

तक्ता तयार झाला की अडथळ्यांची विभागणी करा. काही आपल्याच कायद्याने निर्माण केलेले असतात, काही सीमेवरचे, काही गुणवत्तेच्या पुराव्याचे आणि काही उत्पादनातले. पहिल्या गटाला पैसा जवळपास लागत नाही, फक्त निर्णय लागतो. म्हणून सुरुवात तिथून करावी.

सर्वांत ठळक उदाहरण कच्च्या मालावरच्या आयात शुल्काचे आहे. अब्बा लर्नर या अर्थतज्ज्ञाने १९३६ मध्येच दाखवून दिले होते, की आयातीवरचा कर शेवटी निर्यातीवरच्या करासारखाच काम करतो. शर्ट शिवणाऱ्याला कापड, बटणे आणि धागा शुल्क भरून आणावा लागला, तर त्याचा शर्ट जगाच्या बाजारात शिलाईपूर्वीच महाग झालेला असतो. यावर तीन उपाय रूढ आहेत: शुल्क सरळ कमी करणे, निर्यातीनंतर परतावा देणे, किंवा बाँडेड गोदामात शुल्क न भरता माल ठेवू देणे. परतावा कागदावर चांगला दिसतो, पण खजिना रिकामा असला की परताव्याचे पैसे महिनोन्महिने अडकतात आणि लहान निर्यातदार तेवढ्यात मोडून पडतो. ज्या देशाची प्रशासकीय ताकद बेताची आहे, त्याने शुल्कच कमी करावे असे मला वाटते.

बांगलादेशाची गोष्ट इथे तपशिलात पाहण्यासारखी आहे. १९७० च्या दशकाअखेर तिथल्या ‘देश गार्मेंट्स’ या कंपनीने दक्षिण कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये सुमारे १३० कर्मचारी कोरियात प्रशिक्षणासाठी पाठवले. पुढे यातले बहुतेक जण कंपनी सोडून गेले. कुणी स्वतःचे कारखाने काढले, कुणी दुसऱ्यांचे उभे करून दिले. त्या कंपनीचे नुकसान झाले असेल, पण देशाला एक अख्खा उद्योग मिळाला. तरी नुसत्या कौशल्यावर हे झाले नसते. सरकारने दोन सोयी दिल्या. बाँडेड गोदामामुळे कापड शुल्काविना आणता आले. ‘बॅक-टू-बॅक एलसी’मुळे परदेशी खरेदीदाराचे पतपत्र (एलसी), म्हणजे पैसे देण्याची त्याच्या बँकेची हमी, तारण ठेवून त्याच्या जोरावर कापडासाठी दुसरे पतपत्र उघडता आले, म्हणजे खिशात भांडवल नसलेला माणूसही कारखाना चालवू लागला. श्रीमंत देशांच्या वस्त्र-कोटा व्यवस्थेत तेव्हा बांगलादेशाच्या वाट्याला न वापरलेली जागा होती, हे नशीबही साथीला होते. पुढे २००५ च्या आरंभी ते कोटे संपले, तेव्हा हा उद्योग बुडेल असे अनेकांनी म्हटले होते. तो उलट वाढला.

याची दुसरी बाजूही आहे. गोदामाची आणि पतपत्राची सोय इतर उद्योगांना तितक्या सहज मिळाली नाही. देशाच्या निर्यातीत तयार कपड्यांचा वाटा ८० टक्क्यांच्या वर गेला आणि तिथेच राहिला. सोय द्यायची तर ती निर्यात करणाऱ्या प्रत्येकाला द्या, एकाच संघटनेच्या सभासदांना नको.

विनिमय दराबद्दल थोडक्यात. चलन कृत्रिमरीत्या महाग ठेवले असेल, तर बाकीच्या पायऱ्यांवर घातलेले कष्ट बव्हंशी वाया जातात. हा निर्णय वाणिज्य मंत्रालयाच्या हातात नसतो, पण वाणिज्य मंत्र्याने तो प्रश्न मंत्रिमंडळात मांडायलाच हवा.

चौथी पायरी: सीमा आणि बंदर

जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार डिसेंबर २०१३ मध्ये बाली इथे ठरला आणि २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू झाला. विकसनशील देशांसाठी त्याची रचना वेगळी आहे. कराराच्या तरतुदी ‘अ’, ‘ब’ आणि ‘क’ अशा तीन गटांत विभागायच्या आणि ही विभागणी प्रत्येक देशाने स्वतः करायची. ‘अ’ म्हणजे लगेच लागू करतो, ‘ब’ म्हणजे थोडी मुदत हवी, ‘क’ म्हणजे मुदतीबरोबर मदतही हवी. कोणती तरतूद ‘क’मध्ये टाकायची याचा निर्णय दुसऱ्या पायरीवरच्या तक्त्यावरून घ्या. मदत मिळते म्हणून सगळेच ‘क’मध्ये ढकलण्याचा मोह होतो. तसे केले की देणगीदार आपल्या सोयीचे विषय उचलतात आणि गरजेचे मागे पडतात.

करारानुसार प्रत्येक देशाने व्यापार सुलभीकरणाची राष्ट्रीय समिती नेमणे बंधनकारक आहे. समिती कागदावर सगळीकडे आहे. ती चालते का, हे दोन गोष्टींवर ठरते. अध्यक्षाला कस्टम्स, कृषी, आरोग्य आणि बंदर या चारही खात्यांना बोलावण्याचा अधिकार आहे का, आणि खासगी क्षेत्राचे लोक तिथे फक्त ऐकायला बसतात की विषयपत्रिकेत विषयही घालू शकतात. वाणिज्य खात्याचा उपसचिव अध्यक्ष असेल तर कस्टम्सवाले कनिष्ठ माणूस पाठवतात आणि कागदी घोडे नाचत राहतात.

‘एक खिडकी’ प्रणालीचे आकर्षण सगळ्यांनाच असते. सिंगापूरने ट्रेडनेट ही अशी प्रणाली १९८९ मध्ये सुरू केली, तेव्हापासून प्रत्येक देशाला आपली एक खिडकी हवी आहे. क्रम मात्र उलटा होऊ देऊ नका. आधी कागद कमी करायचे, मग संगणक आणायचा. वीस फॉर्म तसेच ठेवून ते ऑनलाइन केले, की लोक वीस फॉर्म संगणकावर भरतात आणि छापील प्रतही घेऊन जातात. कस्टम्सच्या संगणकीकरणासाठी सॉफ्टवेअर नव्याने बनवून घ्यायची गरज नाही. अंकटाड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास संस्थेची ‘असिकुडा’ ही प्रणाली १९८० च्या दशकापासून विकसित होत आली आहे आणि शंभराच्या आसपास देशांत वापरली जाते. खऱ्या बदलाला जोखीम-निवड लागते, म्हणजे प्रत्येक कंटेनर उघडायचा नाही, संशयित तेवढेच उघडायचे. इथे तांत्रिक अडचण कमी असते. तपासणीच्या संख्येवर ज्यांची कमाई आणि प्रतिष्ठा अवलंबून आहे, त्यांचे काय करायचे हा प्रश्न जास्त अवघड असतो. त्यांच्या वेतनाचा आणि बढतीचा विचार योजनेतच असला पाहिजे.

जगात ३२ विकसनशील देशांना समुद्रकिनारा नाही. त्यांच्या मालाची अर्धी वाट दुसऱ्याच्या राज्यातून जाते, म्हणून स्वतःची चौकी कितीही सुधारली तरी भागत नाही. झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर चिरुंडू इथे डिसेंबर २००९ मध्ये आफ्रिकेतली पहिली ‘एकाच थांब्याची’ सीमाचौकी सुरू झाली. पूर्वी ट्रक आधी एका देशात आणि मग दुसऱ्या देशात असे दोनदा थांबत. आता दोन्ही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसतात. त्यासाठी इमारतीआधी कायदा लागला. एका देशाचा अधिकारी दुसऱ्या देशाच्या भूमीवर आपला कायदा राबवू शकेल अशी तरतूद दोन्ही संसदांना करावी लागली. अशी चौकी हवी असेल तर कायद्याचे काम आधी सुरू करा, कारण वेळ त्यालाच लागतो.

पाचवी पायरी: गुणवत्ता आहे, पण पुरावा कुठे आहे?

शुल्क कमी होत गेले तसे बाजाराच्या दाराशी मानके येऊन बसली. अन्न, मासे, फळे, मध यांच्या बाबतीत तर माल चांगला असणे पुरत नाही, तो चांगला आहे हे समोरच्याला पटेल अशा रीतीने सिद्ध करावे लागते. या पायरीवर सर्वांत जास्त पैसा खर्च होतो आणि सर्वांत जास्त वायाही जातो.

व्हिक्टोरिया सरोवराचा अनुभव बोलका आहे. १९९७ ते २००० या काळात युगांडा, केनिया आणि टांझानिया यांच्या नाइल पर्च माशावर युरोपने एकामागून एक निर्बंध घातले. कधी साल्मोनेला जंतूंमुळे, कधी कॉलराच्या साथीमुळे, तर १९९९ मध्ये सरोवरात विष टाकून मासेमारी होते या बातम्यांमुळे. युगांडाचे कारखाने बंद पडले आणि मच्छीमारांचे उत्पन्न कोसळले. सगळा मासा खराब होता असे नव्हते. पण तो खराब नाही हे सांगणारी विश्वासार्ह यंत्रणा नव्हती. युगांडाने तपासणीची विखुरलेली जबाबदारी एका विभागाकडे एकवटली, निरीक्षक प्रशिक्षित केले, मासे उतरवण्याच्या धक्क्यांवर स्वच्छतेचे नियम आणले आणि प्रयोगशाळांची व्यवस्था लावली. यात संयुक्त राष्ट्रांच्या औद्योगिक विकास संघटनेची मदत झाली. बंदी उठली आणि निर्यात पुन्हा वाढली. पुढे अतिमासेमारीने नाइल पर्चचे साठे घटले, ही त्याच गोष्टीची उरलेली अर्धी बाजू. मालाचा पुरावा देणारी यंत्रणा उभी राहिली, पण सरोवर सांभाळणारी तितकी मजबूत झाली नाही.

यातून कामाचा क्रम असा निघतो. आधी आयात करणाऱ्या देशाला मान्य होईल अशी एकच सक्षम यंत्रणा ठरवा. तीन खाती आपसांत भांडत असतील तर समोरचा देश कोणाचेच प्रमाणपत्र मानत नाही. युरोपात प्राणिजन्य माल पाठवायचा तर देशाचे नाव मंजूर यादीत लागते, कारखान्याचे नाव वेगळ्या यादीत लागते, आणि मधासारख्या मालासाठी औषधांच्या अंशांवर देखरेख ठेवणारी वार्षिक योजनाही मंजूर व्हावी लागते. हे सरकारनेच करायचे काम आहे. निर्यातदार कितीही कर्तबगार असला तरी ते एकट्याने करू शकत नाही.

प्रयोगशाळा त्यानंतर. परदेशी मदतीतून आलेली महागडी यंत्रे प्लॅस्टिकच्या आवरणात पडून असल्याचे दृश्य या क्षेत्रात इतके परिचित आहे, की त्याचे कोणाला काही वाटत नाही. यंत्र विकत घेणे सोपे असते. रसायने, सुटे भाग, अखंड वीज, मापनाची नियमित पडताळणी आणि चांगला रसायनतज्ज्ञ टिकेल असे वेतन यांना दरवर्षी पैसा लागतो. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाची मान्यता मिळवायला काही वर्षे जातात आणि ती टिकवायला सतत नमुने तपासावे लागतात. वर्षाला मोजकेच नमुने येणार असतील तर ती चाचणी स्वतः करू नका, शेजारच्या देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे पाठवा. आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या अनेक देशांनी मान्यता देण्याचे कामदेखील ‘सॅडकास’ या एकाच सामायिक संस्थेकडे सोपवले आहे. प्रत्येक राजधानीत स्वतःची मोठी प्रयोगशाळा असलीच पाहिजे हा हट्ट प्रतिष्ठेचा आहे, व्यापाराचा नव्हे.

सरकारी नियमांवर खासगी मानकांचा आणखी एक थर असतो. युरोपातल्या मोठ्या दुकानसाखळ्यांनी १९९७ मध्ये सुरू केलेले आणि आज ‘ग्लोबलगॅप’ नावाने ओळखले जाणारे प्रमाणपत्र कायद्याने सक्तीचे नाही, पण त्याच्याविना भाजी त्यांच्या फळीवर लागत नाही. एकट्या लहान शेतकऱ्याला त्याचा खर्च झेपत नाही. यात गटाने प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे: गटाने स्वतःची अंतर्गत तपासणी पद्धत बसवायची आणि बाहेरचा तपासनीस त्यातल्या काही शेतकऱ्यांचीच तपासणी करतो. गटाचा सचिव पगारी असेल आणि फवारणीच्या वह्या दर आठवड्याला पाहिल्या जात असतील, तर हे चालते. प्रकल्प संपल्यावर सचिवाचा पगार थांबला, की प्रमाणपत्र पुढच्या नूतनीकरणाला गळून पडते.

या पायरीवर कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर जागतिक व्यापार संघटनेत सचिवालय असलेल्या ‘एसटीडीएफ’ या मानकांच्या कामासाठीच्या निधीकडे जा. प्रकल्पाची नीट आखणी करण्यासाठीच तो लहान अनुदान देतो. मोठी देणगी मागण्याआधी हे छोटे पैसे घेतलेले बरे.

सहावी पायरी: सवलत वापरता येईल असे पाहा

शुल्कमाफी आपोआप मिळत नाही. माल खरोखर आपल्या देशात बनला, हे मूळस्थानाच्या नियमांनुसार दाखवावे लागते. हे नियम रटाळ आहेत, पण अनेक उद्योगांचे भवितव्य त्यांच्यावरच ठरले आहे.

२०११ पूर्वी युरोपात शुल्कमाफी हवी असेल तर अल्पविकसित देशाला शिलाईबरोबर कापडही बहुधा स्वतःच विणावे लागे. जानेवारी २०११ पासून नियम सैल झाले. आयात कापडावर नुसती शिलाई केली तरी माल पात्र ठरू लागला आणि बऱ्याच औद्योगिक मालात ७० टक्क्यांपर्यंत परदेशी भाग चालू लागले. कंबोडियाची युरोपला होणारी कपड्यांची निर्यात त्यानंतर झपाट्याने वाढली, शिवाय तिथे सायकली जोडण्याचा उद्योगही मोठा झाला. एक नियम बदलल्याने जे साधले, ते कित्येक वर्षांच्या प्रचारमोहिमांनी साधले नव्हते. ऑगस्ट २०२० मध्ये मानवी हक्कांच्या कारणावरून युरोपने कंबोडियाची ही सवलत अंशतः काढून घेतली. अशी सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते, हे गुंतवणूक करताना गृहीत धरावे.

करायचे काम साधे आहे. निवडलेल्या मालाच्या खर्चाची फोड करा, परदेशी भागांचा टक्का काढा, तो नियमात बसतो का पाहा आणि हिशेबाच्या नोंदी काही वर्षे जपून ठेवण्याची सवय कारखान्यांना लावा. समोरच्या देशाचे कस्टम्स दोन वर्षांनीही पुरावा मागू शकते. युरोपच्या व्यवस्थेत आता नोंदणीकृत निर्यातदार मूळस्थानाचे निवेदन स्वतःच देतो, त्यामुळे चूक झाली तर तीही त्याच्याच अंगावर येते.

सातवी पायरी: उत्पादक

आडातच नसेल तर पोहऱ्यात येणार कुठून? बंदर झाले, प्रयोगशाळा झाली आणि पाठवायला पुरेसा, एकसारखा, वेळेवर माल नाही, अशी अवस्था बऱ्याच देशांत आहे.

रवांडाची कॉफी हे चांगले उदाहरण आहे. २००० च्या सुमारास तिथे कॉफीची फळे धुऊन प्रक्रिया करणारी केंद्रे नावालाच होती. शेतकरी घरीच अर्धवट प्रक्रिया केलेले बी विकत आणि सामान्य दर्जाचा दर घेत. अमेरिकी मदतीने चाललेल्या ‘पर्ल’ प्रकल्पात सहकारी गटांची धुलाई केंद्रे उभी राहिली आणि त्याच वेळी कॉफीची चव पारखणारे स्थानिक लोकही तयार केले गेले. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आपल्या मालाचा दर्जा विकणाऱ्यालाच ओळखता आला नाही, तर भाव खरेदीदार ठरवतो. २००८ मध्ये ‘कप ऑफ एक्सलन्स’ ही स्पर्धा आफ्रिकेत प्रथमच झाली, ती रवांडात. पुढे केंद्रांची संख्या तीनशेच्या आसपास गेली आणि नवी अडचण आली: केंद्रे जास्त, फळे कमी, म्हणून अनेक केंद्रे क्षमतेपेक्षा बरीच कमी चालू लागली. अनुदान केंद्रांच्या संख्येवर दिले की असे होते.

भांडवलाबाबत एकच सूचना करतो. नवी निर्यात बँक काढण्याआधी, हातात पक्की ऑर्डर असलेल्या लहान निर्यातदाराला ६० किंवा ९० दिवसांचे खेळते भांडवल मिळते का ते पाहा. बहुतेक वेळा अडचण तेवढीच असते.

परदेशी गुंतवणूक आणायची असेल तर कोस्टा रिकाकडे पाहावे. इंटेलने तिथे कारखाना टाकण्याचे १९९६ मध्ये जाहीर केले आणि २०१४ मध्ये जुळणीचे काम हलवायचे ठरवले. पण मधल्या काळात तयार झालेले अभियंते, तांत्रिक शिक्षण आणि पुरवठादार देशातच राहिले. आज वैद्यकीय उपकरणे हा त्या देशाचा सर्वांत मोठा निर्यात माल आहे.

आठवी पायरी: वाटाघाटी, वकील आणि तोटा सोसणारे

जिनिव्हात, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेच्या मुख्यालयी, मोजके अधिकारी असलेल्या देशाला प्रत्येक बैठकीला जाणे शक्य नसते, आणि गरजही नसते. इतर देश मानकांत जे बदल सुचवतात त्यांच्या सूचना जागतिक व्यापार संघटनेकडे आधी येतात. आपल्या दोन-तीन मालांशी संबंधित तेवढ्या सूचना वाचून निर्यातदारांना कळवणारा आणि मुदतीत हरकत नोंदवणारा एक माणूस नेमा. त्याची तीन वर्षे तरी बदली करू नका.

वाद झालाच तर लहान देशालाही मार्ग आहे. जिनिव्हातले जागतिक व्यापार संघटना कायदा सल्ला केंद्र २००१ पासून विकसनशील देशांना माफक दरात वकिली मदत देते आणि अल्पविकसित देशांना त्यासाठी सभासद व्हावे लागत नाही. २००४ मध्ये बांगलादेशाने भारताच्या अँटी-डंपिंग शुल्काविरुद्ध, म्हणजे फार स्वस्तात विकल्या जाणाऱ्या आयात मालावर लावलेल्या जादा शुल्काविरुद्ध, बॅटऱ्यांच्या प्रकरणी तक्रार केली. अल्पविकसित देशाने या संघटनेत केलेली ती पहिली तक्रार होती. शुल्क मागे घेतले गेले आणि २००६ मध्ये दोन्ही देशांनी तोडगा निघाल्याचे कळवले.

व्यापार खुला करताना देशातल्या ज्या लोकांचे नुकसान होणार, त्यांचा हिशेब आधीच मांडा. हैतीने १९९० च्या दशकाच्या मध्यावर तांदळावरचे आयात शुल्क ३ टक्क्यांवर आणले. अमेरिकेचा अनुदानित तांदूळ आत आला आणि स्थानिक भातशेती खचली. ही धोरणे पुढे रेटणारे माजी अमेरिकी अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २०१० मध्ये अमेरिकी सिनेटच्या समितीसमोर ती चूक होती असे मान्य केले. तोवर शेतकऱ्यांची एक पिढी शहरात आलेली होती. ज्या सरकारच्या तिजोरीत सीमाशुल्काचा वाटा मोठा आहे, त्याने शुल्क उतरवण्याआधी अंतर्गत करवसुलीची घडी बसवावी.

नववी पायरी: मदत घ्या, पण चौथ्या वर्षाचा हिशेब मागा

‘एड फॉर ट्रेड’ हा व्यापारक्षमतेसाठी मदत देण्याचा उपक्रम २००५ च्या हाँगकाँग परिषदेत सुरू झाला. तेव्हापासून मोठा निधी या वाटेने आला आहे. प्रत्येक प्रस्तावाला सहीपूर्वी एक प्रश्न विचारा: प्रकल्प तीन वर्षांनी संपल्यावर चौथ्या वर्षी हे काम कोण करणार आणि त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून येणार? उत्तर नसेल तर प्रस्ताव लहान करा. प्रकल्प कार्यालयात दुप्पट पगार देऊन मंत्रालयातलीच हुशार माणसे उचलण्याची पद्धत तर बंदच करायला हवी. तीन वर्षांनी ती माणसे मंत्रालयात परत येत नाहीत.

मोजमापही बदला. किती जणांना प्रशिक्षण दिले, हा आकडा अहवालापुरता ठीक आहे. मोजायचे ते हे: नव्याने निर्यात सुरू केलेल्यांपैकी दुसऱ्या वर्षी किती उरले, किती खेपा परत आल्या आणि का, माल बंदरावर आल्यापासून सुटेपर्यंत किती तास लागले, आणि पात्र मालापैकी किती मालाने शुल्कमाफी प्रत्यक्षात घेतली. यातले बहुतेक आकडे कस्टम्सच्या नोंदींतून निघतात, वेगळे सर्वेक्षण लागत नाही.

अल्पविकसित गटातून बाहेर पडण्याची तारीख ठरलेल्या देशांनी हे मोजमाप लगेच सुरू करावे. देश गटातून बाहेर पडल्यानंतरही युरोपीय संघ तीन वर्षे त्याची सवलत चालू ठेवतो. त्यापुढची पायरी ‘जीएसपी प्लस’ या संघाच्याच दुसऱ्या शुल्क-सवलत योजनेची आहे आणि तीत २७ आंतरराष्ट्रीय करारांना मान्यता देऊन ते पाळावे लागतात. केप व्हर्ड डिसेंबर २००७ मध्ये या गटातून बाहेर पडला आणि मुदत संपता संपता जीएसपी प्लसमध्ये दाखल झाला. कपडे विकणाऱ्या देशाला इथे आणखी एक तयारी लागते. जीएसपी प्लसमध्ये नुसत्या शिलाईवर भागत नाही, कापडही देशात किंवा मान्य शेजारी देशात विणलेले लागते. कापड गिरणी उभी राहून स्थिरावायला काही वर्षे जातात, म्हणून तिची जमीन, वीज आणि सांडपाणी प्रक्रिया यांची कामे बाहेर पडण्याच्या तारखेच्या पुष्कळ आधी सुरू झालेली असावीत.